बावन्न पेट्या

मंगळवार आणि शुक्रवार. एकशे ऐंशी किलोमीटर, बावन्न पेट्या.
कुणाचा दुधाचा कॅन आडवा ठोकलेला,
कुणाचा मेलेला फ्रीज फाटकाशी उभा,
नोस्केंची कापलेली गॅसची टाकी, निळी, सदतिसावी.
विमेराच्या या सपाट मुलखात एकवीस वर्षं
प्रत्येकीचं झाकण माझा हात ओळखतो.

इथे कुणी दाराला कुलूप लावत नाही.
पाहुण्याला हे आम्ही पहिल्या चहासोबत ऐकवतो,
बिस्किटाच्याही आधी.

मार्चमध्ये बासष्ट मेंढ्या गेल्या
हेन्ट्श्केंच्या मागच्या रानातून.
तिसऱ्या दिवशी सभा. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या.
सार्जंट टीगने नकाशा टांगला, लाल टाचण्या खुपसल्या.
फाटकांना साखळ्या आल्या, खांबांना कॅमेरे.
साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर रिकाम्या रानाचा फोटो,
म्हणजे गवताचा.
नदीकाठच्या वस्तीतल्या टायरोनची मोटरसायकल
त्या महिन्यात अकरा वेळा अडवली.
बासष्ट मेंढ्या, त्या सीटवर?
हे मी विचारलं. मनात.

लोरेल नोस्केच्या मनगटासाठी सभा भरली नाही.
मनगटाला टाचणी कुठे लावणार?

ड्वेन रोज संध्याकाळी तिच्या गाडीचं मीटर वाचतो,
कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहितो.
शाळा आणि परत, बेचाळीस.
एकदा पंचेचाळीस भरले होते.
हे तिने मला गाडीच्या खिडकीशी वाकून सांगितलं,
यंदा थंडी लवकर आली म्हणावं, तशा आवाजात.
मग म्हणाली, फोन त्याच्या खिशात असतो.
मग म्हणाली, दार उघडंच असतं गं, ग्लेनिस,
पण दारातून निघून जायचं कुठे?

भिंतींना कान असतात म्हणे.
इथे दुसरी भिंत चार किलोमीटरवर,
मधे नुसता गहू.
ड्वेन फुल बॅकला खेळतो, टीग त्याच्या पुढे;
बंदुकांच्या परवान्यावर सही टीगची,
आणि क्लबच्या छपरासाठी पहिली देणगी ड्वेनची.
चांगला माणूस आहे, सगळे म्हणतात.
छप्परही चांगलं झालंय.

मेंढ्यांचा छडा लागला जूनमध्ये.
हेन्ट्श्केंच्या जावयानेच ट्रक लावला होता.
कुंपणानेच रान खाल्लं.
घरातलं घरात मिटलं, झाकली मूठ.
साखळ्या मात्र राहिल्या,
आणि टायरोनला अजून अडवतात, सवयीने.

सवयीचं मला सांगू नका.

लोरेल म्हणाली होती, शहरातल्या वकिलांकडून पत्र येईल,
पेटीत टाकू नकोस, तुझ्याजवळ ठेव.
ठेवते, म्हटलं. हात धरून म्हटलं.
ऑगस्टच्या एका शुक्रवारी, धुकं होतं,
रेडिओवर लोकरीचे भाव चालले होते,
छत्तीस, सदतीस,
हाताने निळं झाकण उघडलं आणि लावलं.
अडतिसाव्या पेटीशी मला कळलं
मी काय टाकलं ते.
तीन किलोमीटर उलटी आले.
पेटी रिकामी. चाकांच्या खुणा ओल्या,
घराच्या दिशेने गेलेल्या.

घरापर्यंत रस्ता जात होता. मी गेले नाही.
टीगला फोन केला. बघतो, म्हणाला.
दुसऱ्या दिवशी सामना होता.
उरलेल्या पंधरा पेट्या मी वाटल्या,
एकही पत्र चुकलं नाही.

मंगळवारी फाटकाशी कुणी नव्हतं.
त्याच्या पुढच्या मंगळवारीही.
निळं झाकण कुणीतरी तेल घालून ठेवलेलं,
आता आवाज करत नाही.

महिनाअखेरीस टपाल कार्यालयाची चिठ्ठी आली:
त्या शुक्रवारी मीटर एकशे शहाऐंशी दाखवतं,
सहा किलोमीटर जास्त, कारण लिहा.
पेन घेऊन बराच वेळ बसले.
लिहिलं: रस्ता खराब.